हुक — आहे! साखळी — आहे!

ट्रेलर आणि गाडी यांच्यामधला सांधा मी हातोडीने ठोकून बसवला. असं करायचं नसतं. हे आता मला माहीत आहे. तेव्हाही मला पुष्कळ काही माहीत होतं, नेमकं एवढंच नव्हतं.

ट्रेलर मिझूमावशींचा होता, गाडी मिझूमावशींची होती. हातोडी तेवढी माझी. मिझू म्हणजे जपानीत पाणी. जपानातल्या आमच्या मराठी मंडळींत जी पोरं इथेच वाढली त्यांनी हे नाव ठेवलं. कागदोपत्री त्या डॉक्टर वत्सला अमुकतमुक, त्सुकुबाच्या संस्थेतल्या जपानी सहकाऱ्यांच्या 'वत्सला-सान', जमिनीखालच्या पाण्यावर उभा जन्म काढलेल्या. पण कोणाच्याही घरी गेल्या की चहाच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायच्या, ओंजळीत पाणी घ्यायचं, जिभेवर घोळवायचं आणि निकाल द्यायचा. "तुमची टाकी धुवायला झालीय." आमच्या कावासाकीच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "पाणी बरंय. भांडं विसळलेलं नाही." भांडं मी विसळलं होतं. म्हणजे विसळलं आहे असं बायकोला सांगितलं होतं.

२०११चा मोठा भूकंप झाला तेव्हा त्सुकुबात काही दिवस नळ कोरडे पडले. मावशींनी मात्र पहिला हादरा थांबताक्षणी, बाकीचे जिन्यातून खाली पळत असताना, घरातली झाडून सगळी पातेली, बादल्या, अगदी इडलीपात्रसुद्धा भरून ठेवलं होतं. पुढे आठवडाभर त्यांच्या इमारतीतली माणसं दारात रांग लावून उभी. एका म्हातारीला त्यांनी इडलीपात्राच्या तळातलं पाणी दिलं, तेव्हा तिला वाटलं हा भारतीय धार्मिक विधी असावा. तिने हात जोडून घेतलं. हा किस्सा मावशी स्वतः कधी सांगायच्या नाहीत. मी सांगायला लागलो की म्हणायच्या, "पुरे. इडलीपात्र मोठं करू नकोस दर वेळी."

त्यांची खरी ओळख मात्र बोट. इथले रेल्वेचे लोक गाडी सुटण्याआधी सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यांदा म्हणतात ना, ठीक आहे, ठीक आहे, तसं मावशी सगळ्या आयुष्याला करायच्या. आणि मराठीत. घराबाहेर पडताना दारात उभ्या राहून: "गॅस — बंद! खिडकी — बंद! किल्ली — आहे!" शेजारच्या जपानी बाई सुरुवातीला पडदा सरकवून बघायच्या, पुढे त्यांनाही 'आहे' हा शब्द यायला लागला. ट्रेलर जोडताना तर हे दोघांनी करायचं. मावशी मागे उभ्या राहून विचारणार, दुसऱ्याने प्रत्येक वस्तूला हात लावून ओरडायचं. "हुक?" "आहे!" "साखळी?" "आहे!" "दिवे?" "आहेत!" नियम एकच: ज्याने हात लावला नाही त्याने आहे म्हणायचं नाही.

दुसरी खोड गाडी लावण्याची. गाडी पाठमोरीच लावायची, तोंड रस्त्याकडे. जपानात पुष्कळ जण असंच लावतात, पण मावशी देवळाच्या आवारात, किराणा दुकानासमोर, अगदी दोन मिनिटांसाठी थांबायचं असलं तरी आधी गाडी फिरवणार. किनाऱ्याकडच्या कामांवर जायला लागल्यापासून हे जास्तच वाढलं. कोणी सहलीचा बेत सांगायला लागलं की त्या पहिलं वाक्य संपू द्यायच्या नाहीत. "आधी परत यायचं बोल."

आता माझी थोरवी. एका गणपतीला, आरतीनंतर, पुलाव खाता खाता गाड्यांचा विषय निघाला आणि मी बोलून गेलो की आमच्या घरी ट्रान्सपोर्टचा धंदा होता. हे तितकंसं खोटं नव्हतं. सांगलीला काकाचा एक तीनचाकी टेंपो होता आणि त्यात लग्नाच्या खुर्च्या जायच्या. त्या धंद्यातला माझा वाटा म्हणजे मागे बसून खुर्च्या पडू नयेत म्हणून धरणं, आणि एकदा मी त्याही पाडल्या. पण हातात पुलाव आणि समोर ऐकणारे असले की माझ्या तोंडात टेंपोचे ट्रक होतात. मावशी शांतपणे ऐकत होत्या. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला.

"इंजिनियर, तुला ट्रकांतलं कळतं म्हणालास ना?"

इथे 'नाही' म्हणायला जेमतेम एक सेकंद मिळतो. मी तो घालवला.

हकिकत अशी होती. मावशी निवृत्त झाल्या होत्या. भारतात परत जायचं ठरलं होतं, पण एक काम राहिलं होतं. ईशान्येच्या किनाऱ्यावर हिराई-सान नावाचे एक टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, करणारे होते. त्या भूकंपानंतरच्या लाटेत दुकान गेलं, घर गेलं, वडिलांच्या वेळची विहीर खारट झाली. इतकी वर्षं तात्पुरत्या पत्र्याच्या बाजारात नळाच्या पाण्यावर टोफू करत होते आणि स्वतःचा टोफू स्वतः खात नव्हते. मार्चअखेर तो बाजार मोडणार होता. वर डोंगर कापून केलेल्या वस्तीत त्यांना जागा मिळाली होती, पण हिराई-सान अडून बसले होते: गोड पाणी लागलं तर दुकान, नाहीतर नागोयाला मुलीकडे. मुलीने खोली बघून ठेवली होती. हिराईबाईंनी निम्मं सामान बांधलंही होतं. मावशींनी त्यांना शब्द दिला होता की जाण्यापूर्वी मी तुमच्या जागेत बोअर मारून बघेन.

बोअरचं छोटं यंत्र, पंप, पाइप हे सगळं मावशींच्या ट्रेलरवर होतं. तो त्यांनी संस्थेच्या मोडीतून घेऊन स्वतः नीट केलेला. ओढणारी जुनी पिकअप मात्र तपासणीत बाद झाली होती. भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांना मागे ट्रेलर लावायची सोय नसते. तेव्हा निवृत्तीच्या पैशातून गाडी घ्यायची, काम झालं की जपून वापरायची, जाताना विकायची. आणि गाडी कुठली, हे ट्रान्सपोर्टच्या घराण्यातला मी सांगणार.

समोर दोन कंपन्या होत्या. नावं नकोत, दोघींच्याही गाड्या मला अजून रस्त्यात भेटतात. एकीला मी कारकून म्हणायचो: जपानी, पांढरी, चौकोनी, बघताक्षणी विसरावी अशी. दुसरी पैलवान: अमेरिकन, काळी, बाहेरून आणवलेली, स्टिअरिंग डावीकडे, समोरची जाळी अशी की खाऊन टाकेल. मावशींचा ट्रेलर मुळात एवढा हलका ठेवलेला की ओढायला वेगळं लायसन्सही लागू नये. कपाटाएवढी वस्तू. ती ओढायला पैलवान घेणं म्हणजे पोहे हलवायला जत्रेतला झारा आणण्यासारखं. पण मी पैलवानाच्या आत एकदा बसलो होतो. उंचावरून बाकीचं जग आपल्या कामाला ठेवलेलं वाटतं.

मावशी दोन्ही ठिकाणी आल्या आणि दोन्हीकडे त्यांनी एकच प्रश्न विचारला. ताकद नाही, मायलेज नाही. "हिला ट्रेलर लावून मागे घ्यायचं म्हटलं तर कसं जमेल?" पैलवानाचा विक्रेता हसून म्हणाला, काहीच अडचण नाही. कारकुनाच्या विक्रेत्याने दातांतून हवा आत ओढली, मान कलती केली आणि म्हणाला की तपासून कळवतो. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बघा, याला स्वतःची गाडी माहीत नाही."

"त्याला माहीत नाही हे त्याला माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "मला तो आवडला."

पण कारकून मिळायला उन्हाळा उजाडणार होता आणि पैलवान उद्या मिळत होता. मार्च जवळ आलेला. मावशींची झोप उडाली होती. दिवसातून तीनदा फोन. "काय करायचं रे? चुकलं तर त्या दोघांचं चुकेल, आपलं नाही." आयुष्यभर लोकांना पाणी कुठे लागेल ते सांगणारी बाई मला विचारत होती, आणि मला आतून घाम फुटत होता. घाम फुटला की मी एक्सेल उघडतो. अकरा रकाने केले. ओढण्याची शक्ती, वजन, इंजिन, टायर, सुटे भाग, आणि 'रस्त्यावरचा प्रभाव' असाही एक. गुणांची बेरीज केली तर कारकून जिंकला. मग मी प्रत्येक रकान्याला किती महत्त्व द्यायचं ते जरा जरा बदलत गेलो. चौथ्या खेपेला पैलवान जिंकला आणि मी फाइल मावशींना पाठवली. खाली लिहिलं: निष्कर्ष वस्तुनिष्ठ आहे.

तीन दिवसांनी कारकुनाच्या विक्रेत्याचा फोन आला, मला, कारण नंबर माझा दिला होता. गाडी तर देऊ शकत नव्हता, तरी त्याने सगळं तपासलं होतं. मागे घेताना किती वळण लागेल, कुठे आरसा जास्तीचा लावावा, सगळं. शेवटी म्हणाला, एक राहिलं, कोणतीही गाडी घ्या, पण मागचा गोळा कोणत्या मापाचा लागतो ते ट्रेलरवर बघून घ्या. परदेशी गाड्यांचा किंचित मोठा असतो.

गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो आणि ट्रेलरच्या तोंडाशी त्यावर बसणारी वाटी, एवढाच हा सगळा मामला. किंचित म्हणजे किती, मी विचारलं. एक मिलिमीटरही नाही, तो म्हणाला. मी त्याचे आभार मानले, फोन ठेवला आणि एखाद्या पुणेकराला शोभेल अशा आवाजात स्वतःशी म्हणालो, "बसेल."

पैलवान आला. मावशी कौतुकाने चढल्या, म्हणजे मी खालून आधार दिला आणि त्या चढल्या, आणि सीटवर बसल्यावर असं लक्षात आलं की त्यांचे पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत. सीट पुढे घेतली, उशी लावली, दोन उशा लावल्या. पाय पोचले तर रस्ता दिसेना, रस्ता दिसला तर पाय हवेत. अकरा रकान्यांत मावशींच्या उंचीचा रकाना नव्हता.

"म्हणजे चालवणार तू," मावशी म्हणाल्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. त्यांना माझं गाडी चालवणं ठाऊक होतं.

निघायच्या सकाळी त्या आत थर्मास भरत होत्या आणि मी मागे ट्रेलर जोडत होतो. वाटी गोळ्यावर ठेवली. ती बसली, पण वरचा खटका पुरता खाली जाईना. नखभर राहिला. मी दाबला, वर उभा राहिलो, मग सगळीकडे बघितलं आणि हातोडी काढली. तीन ठोके. खटका गेला. वरून छान दिसत होता.

मावशी बाहेर आल्या, मागे उभ्या राहिल्या, बोट ताठ केलं.

"हुक?"

मी हुकाला, म्हणजे त्या वाटी-गोळ्याच्या सांध्याला, हात लावला. "आहे!"

"साखळी?"

साखळी म्हणजे हुकाखेरीज ट्रेलर गाडीला बांधणारी जाड लोखंडी साखळी. "आहे!"

खोटं काही बोललो नाही. हुक होताच. तो बसलाय का, असं काही त्यांनी विचारलं नव्हतं.

 प्रवासात मावशी उजव्या बाजूला, म्हणजे जिथे त्यांनी आयुष्यभर गाडी चालवली त्या बाजूला, पण स्टिअरिंगशिवाय बसल्या होत्या, आणि समोर ट्रक आला की त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबत होता. किनाऱ्याजवळ आलो तसे रस्त्याकडेला निळे फलक लागायला लागले, लाट इथपर्यंत आली होती असं सांगणारे. समुद्र कुठे दिसतही नव्हता. प्रत्येक फलकाशी मावशी मागे वळून ट्रेलरकडे बघायच्या. एकदा दोघांचेही फोन एकदम किंचाळले, भूकंपाचा इशारा. मी गाडी बाजूला घेतली. फारसं काही हललं नाही. पण पैलवानाच्या मागून एक बारीक टक्क आवाज आला, आणि मावशींनी माझ्याकडे बघितलं.

"कसला रे?"

"पाइप हलले असतील."

खटका हलला असेल, असं मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी गाडी पुढे काढली.

वस्तीकडे जाणारा चढ नवा होता, अरुंद, एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार आणि खाली बांधकामाच्या डंपरांची ये-जा. अर्ध्या चढावर गाडी अचानक हलकी झाली. ओझं उतरल्यावर खांद्याला वाटतं ना, तसं. क्षणभर मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. मग हिसका बसला. मान मागे, थर्मास खाली, आणि मागून लोखंड डांबरावर घासत गेल्याचा आवाज. आरशात बघितलं तर ट्रेलरचं नाक जमिनीला टेकलेलं, वाटी रिकामी, आणि सगळं वजन एका साखळीवर लोंबत होतं. खाली वळणावर एक डंपर वर यायला लागला होता.

"ब्रेक सोडू नकोस," मावशी म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजीत मीठ घाल म्हणावं तसा. त्या त्या उंचीवरून कशा उतरल्या मला माहीत नाही. आरशात एवढंच दिसलं की त्या दरडीखालचे दगड दोन्ही हातांनी उचलून ट्रेलरच्या चाकांमागे लावतायत, एक, दुसरा, तिसरा, आणि मग रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून डंपरला हात करतायत. पाच फूटही नसलेली, करड्या वेणीची बाई. डंपर थांबला.

मी उतरून मागे गेलो तेव्हा त्या रस्त्याकडेला बसल्या होत्या.  मावशी घाबरलेल्या मी त्या एकदाच बघितल्या. मी तोंड उघडलं, पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. बोट पुढे केलं आणि कोणाला तरी समजावल्यासारखं हळू म्हणाल्या, "साखळी — आहे."

मी तिथे त्यांना टक्क आवाजाचं सांगितलं, हातोडीचं सांगितलं, विक्रेत्याच्या फोनचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे पाहिलं. "हिराई-सानना फोन लाव. उशीर होतोय म्हणून सांग."

हिराईबाई खाली आल्या त्या पांढऱ्या छोट्या ट्रकमधून, जो इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या दारात असतो, ज्याचं नाक चपटं आणि इंजिन शिवणयंत्राएवढं. माझ्या एक्सेलमध्ये त्याला रकानाच काय, ओळसुद्धा नव्हती. बाईंनी पैलवानाभोवती एक फेरी मारली. मग यंत्र, पंप, पाइप एकेक करून त्यांच्या ट्रकवर चढवायला लागल्या. रिकामा ट्रेलर आम्ही डंपरवाल्याच्या मदतीने कडेला ढकलला; चार खेपांत सगळं वर पोचलं. शेवटच्या खेपेला त्यांनी घाम पुसत मला विचारलं, अगदी निरागसपणे, "यात मावतंय सगळं. मग एवढी मोठी गाडी कशाला आणली?"

जपानीत मला बऱ्यापैकी बोलता येतं. त्या दिवशी मी पाइप मोजायला लागलो.

बोअर मारायला तो दिवस आणि पुढचा दिवस गेला. हिराई-सान एका बादलीवर बसून होते. उंच, वाकलेला माणूस.  आधी चिखल आला, मग गढूळ पाणी, मग तासन्‌तास पंप चालल्यावर निवळ. मावशींनी मीटर बुडवला, आकडा बघितला, मग ओंजळ भरून जिभेवर घेतलं. डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. काहीच कळेना.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटतं गोड आहे." मग हिराई-सानकडे वळून जपानीत म्हणाल्या, "पण माझ्या जिभेचा इथे उपयोग नाही."

हिराई-सान उठले, बादली भरली आणि सोयाबीन भिजत घातलं.

सकाळी त्यांच्या नव्या जागेच्या उघड्या ओट्यावर, पत्र्याच्या बाजारातून आणलेल्या भांड्यांत, त्यांनी टोफू केला. वाफ डोंगराच्या गारव्यात सरळ वर जात होती. मावशी एका कडेला उभ्या होत्या, पदराचं टोक नव्हतं म्हणून जॅकेटची चेन वरखाली करत. हिराई-साननी एक तुकडा कापला, काही न लावता तोंडात टाकला आणि चावत राहिले. टोफू इतका वेळ चावायची वस्तू नाही. मग उरलेली वडी पानावर ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी मावशींपुढे धरली, आणि बायकोला पाठमोरेच म्हणाले, "नागोयाला फोन कर."

हिराईबाईंनी फोन केला. मुलीला एवढंच म्हणाल्या, "खोली सोडून दे." मग आत जाऊन त्यांनी बांधलेल्या एका खोक्याची दोरी कापली. मावशींनी टोफूचा तुकडा तोंडात घातला आणि तोंड डोंगराकडे फिरवलं. 

ट्रेलर हिराईंकडेच ठेवून घरी जाताना मला वाटलं आता बोलतील.  शिव्या खायला मी तयार होतो, मनात दोन-तीन उत्तरंही करून ठेवली होती, ती वाया गेली. पैलवान त्यांनी विकला. कारकुनाच्या विक्रेत्याला स्वतः जाऊन भेटल्या, ट्रेलरची वाटी मोजून त्याच मापाच्या गोळ्यासकट गाडी नोंदवली आणि उन्हाळ्यापर्यंत वाट बघितली. भारतात जाणं आपोआप पुढे गेलं. हिराई-सानच्या शेजाऱ्यांनाही विहीर हवी होती, मग शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांना. मी सुट्टीच्या दिवशी जायचो. मला गाडी चालवायला द्यायच्या नाहीत, पण ट्रेलर जोडायला माझ्याकडूनच लावायच्या. प्रश्न मात्र बदलला होता. "हुक बसलाय?" असं विचारायच्या, आणि मी 'बसलाय' म्हटलं की, "हिसका दे," म्हणायच्या. मी धरून हिसका द्यायचो. मग दुसऱ्यांदा. मग त्या स्वतः येऊन द्यायच्या.

शेवटी त्या गेल्या. कोल्हापूरला धाकट्या बहिणीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं. विमानतळावर हिराईबाई आल्या होत्या. टोफू विमानात नेता येत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो आम्ही तिघांनी बाकावर बसून संपवला. आत जाण्याआधी मावशी थांबल्या, बोट ताठ केलं. "पासपोर्ट — आहे! चष्मा — आहे! औषधं — आहेत!" आजूबाजूचे लोक बघत होते. हिराईबाई प्रत्येक वेळी गंभीरपणे मान हलवून "आहे" म्हणत होत्या. मग बोट माझ्याकडे वळलं आणि तसंच राहिलं.   बोट खाली केलं, माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि गेल्या.

आता घरातून निघताना मी दारात उभा राहून बोट दाखवतो. माझी लेक जपानीत म्हणते, बाबा, लोक बघतात. मी गॅसच्या बटणाला हात लावून येतो. कधी कधी परत जाऊन हिसका देतो. तिला वाटतं हे वयामुळे आहे.

मध्यंतरी आम्हीही गाडी घ्यायचं ठरवलं. दोन कंपन्या होत्या. चार रात्री मला झोप नाही. एकीची डिकी मोठी, दुसरीची सुरक्षा बरी, एकीची वाट बघावी लागणार, दुसरी लगेच. एक्सेल उघडलं आणि मिटलं. शेवटी कोल्हापूरला फोन लावला. मावशींचा आवाज आता थोडा बारीक झालाय, पण मागे नळाचा आवाज होता, म्हणजे कोणाच्या तरी घरी पाणी चाखत असणार. मी सगळं सांगितलं. दोन्ही गाड्यांचे गुणदोष, मागे घ्यायला कशी, उंची किती, या वेळी बायकोला दोन्हींत बसवून पेडलपर्यंत पाय पोचतात तेही बघितलं, सगळं. त्या मधे एकदाही बोलल्या नाहीत. मला वाटलं, बाई खुश झाल्या.

"तर मावशी," मी म्हणालो, "तुमच्या मते कुठली घेऊ?"

नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"तुमच्या घरापासून स्टेशन किती लांब आहे रे?"

"जवळच. चालत जाता येतं."

"मग इंजिनियर," मावशी म्हणाल्या, "तू आपला ट्रेननेच जात जा."